तक्त्यातला दुसरा बाण

जीवसृष्टीच्या उगमाचा तक्ता आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असतो. एका कोपऱ्यात ज्वालामुखी, वर काळे ढग आणि कडाडणारी वीज, खाली खवळलेला समुद्र. साध्या वायूंपासून एक बाण निघतो, तो अमिनो आम्लांकडे जातो. अमिनो आम्लांपासून दुसरा बाण निघतो, तो प्रथिनांकडे जातो. तिसरा बाण थेट पेशीकडे. पहिल्या बाणाखाली बहुधा मिलर यांच्या काचेच्या उपकरणाची आकृती असते. दुसऱ्या बाणाखाली काहीच नसते.

या लेखात आम्ही त्या दुसऱ्या बाणाची परीक्षा करणार आहोत. पाठ्यपुस्तके, तक्ते, व्याख्याने आणि आमच्यासारख्यांनी लिहिलेले लोकप्रिय लेख या सर्वांत ही गोष्ट साधारण एकाच पद्धतीने सांगितली जाते. आमचे म्हणणे असे की, त्या पद्धतीत सोपा भाग सविस्तर येतो आणि कठीण भाग एका रेघेत उरकला जातो. त्यामुळे विद्यार्थ्याला उत्तर मिळाल्यासारखे वाटते, पण प्रश्न काय होता हेच त्याला कळत नाही.

ही टीका आम्ही प्रथम स्वतःवर करतो. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या ठिकाणी विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही परीक्षक म्हणून गेलो होतो. असाच एक तक्ता तेथे होता. त्यावर आम्ही जमलेल्या मुलांना दहा मिनिटे उत्साहाने समजावून सांगितले. शेवटी एका मुलीने विचारले, "सर, पचनाच्या धड्यात आम्ही शिकलो की प्रथिने पाण्याच्या मदतीने तुटतात आणि अमिनो आम्ले होतात. मग समुद्रात, पाण्यातच, ती जोडली कशी गेली?" आम्ही क्षणभर थांबलो आणि म्हणालो, "अगं, कोट्यवधी वर्षे मिळाली होती ना!" मुलीने मान डोलावली. शिक्षकही समाधानाने हसले. परतीच्या एसटीत मात्र आमच्या लक्षात आले, की मुलीचा प्रश्न बरोबर होता आणि आमचे उत्तर चुकीचे होते. ते अपुरे नव्हते, चुकीचेच होते. ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेख.

पहिला बाण भक्कम आहे

प्रथम जे नीट सिद्ध झाले आहे ते पाहू. १९५२ साली शिकागो विद्यापीठात हॅरल्ड यूरी यांच्या हाताखाली काम करणाऱ्या स्टॅन्ली मिलर या तरुण विद्यार्थ्याने मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ यांच्या मिश्रणातून आठवडाभर विजेच्या ठिणग्या सोडल्या. चंबूतले पाणी आधी गुलाबी आणि मग गडद होत गेले. त्या पाण्यात ग्लायसीन आणि अ‍ॅलनिनचे दोन प्रकार त्यांना खात्रीने ओळखता आले. आणखी दोन अमिनो आम्लांबद्दल त्यांनी स्वतःच कमी खात्री व्यक्त केली. हा छोटासा शोधनिबंध १५ मे १९५३ रोजी 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्याच्या शीर्षकाचा आशय असा : आदिम पृथ्वीवर शक्य असलेल्या परिस्थितीत अमिनो आम्लांची निर्मिती. त्यातला 'शक्य' हा शब्द मिलर यांनी जाणूनबुजून घातलेला होता. तक्त्यापर्यंत येताना तो गळून पडला. प्रथिने तयार झाली असा दावा तर त्या निबंधात कोठेही नाही.

पुढे भूरसायनशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला, की त्या काळचे वातावरण मिथेन-अमोनियाचे नसून प्रामुख्याने कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनचे असावे. आक्षेप रास्त आहे. परंतु अमिनो आम्लांच्या निर्मितीवर त्यामुळे फारसे बालंट येत नाही, कारण ती अनेक मार्गांनी होऊ शकते. २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियात मर्चिसन गावाजवळ पडलेल्या अशनीत अमिनो आम्ले सापडली. २४ सप्टेंबर २०२३ रोजी ओसायरिस-रेक्स यानाने बेनू या लघुग्रहाची माती पृथ्वीवर आणली. तिचे विश्लेषण जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. सजीवांच्या प्रथिनांत आढळणाऱ्या वीस अमिनो आम्लांपैकी चौदा त्या मातीत होती. जेथे ना समुद्र, ना वातावरण, अशा दगडगोट्यांतही जी संयुगे तयार होतात त्यांना दुर्मिळ म्हणता येणार नाही.

म्हणजे पहिला बाण भक्कम आहे. पण त्याचाच अर्थ असा, की जीवसृष्टीच्या उगमाचे रहस्य त्या बाणात नाही. विटा सगळीकडे पडलेल्या आहेत. भिंत कशी उभी राहिली हा खरा प्रश्न आहे.

जोडणीचा हिशोब

दोन अमिनो आम्ले जोडली जातात तेव्हा एकाच्या कार्बॉक्सिल गटातून हायड्रॉक्सिल आणि दुसऱ्याच्या अमिनो गटातून हायड्रोजन बाहेर पडतो. या दोहोंचे मिळून पाणी होते आणि उरलेल्या दोन टोकांत पेप्टाइड बंध तयार होतो. अशा जोडणीतून बनलेल्या लहान साखळीला पेप्टाइड म्हणतात आणि लांबलचक, विशिष्ट घडी पडलेल्या साखळीला प्रथिन. थोडक्यात, प्रत्येक जोडणीत पाण्याचा एक रेणू बाहेर टाकावा लागतो.

आता ही अभिक्रिया पाण्यातच चालली आहे असे समजा. ज्या पदार्थाला बाहेर टाकायचे तोच चहूबाजूंनी भरलेला आहे. ओले कपडे विहिरीत बुडवून ठेवून वाळवण्यासारखेच हे झाले. रासायनिक समतोलाचा नियम अकरावीच्या विद्यार्थ्याला ठाऊक असतो. उत्पादितांपैकी एक आधीच भरपूर असेल, तर अभिक्रिया उलट्या दिशेने झुकते.

थोडा हिशोब करू. पाण्यात दोन ग्लायसीन जोडण्यासाठी दर मोलला सुमारे १५ किलोज्यूल मुक्त ऊर्जा बाहेरून द्यावी लागते. एक लिटर द्रावात एक मोल, म्हणजे ७५ ग्रॅम ग्लायसीन आहे असे धरले, तर समतोलाला पोचल्यावर दर हजारी साधारण चारच रेणू जोडीत असतील. उरलेले सुटेच. आणि हा द्राव तर सरबतासारखा दाट झाला! तोच हजारपट पातळ केला, तर जोडीतले रेणू दर हजारी चारऐवजी दर दहा लाखांत चार उरतात. तिघांची साखळी त्याहून विरळ, चौघांची त्याहूनही. शंभर एककांच्या साखळीचे नावच नको.

१९२९ साली जे. बी. एस. हॉल्डेन यांनी आदिम समुद्राला गरम, पातळ सुपाची उपमा दिली. (हेच हॉल्डेन १९५७ साली भारतात येऊन स्थायिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले.) ती उपमा जगभर रूढ झाली. सूप सर्वांच्या लक्षात राहिले, 'पातळ' हे विशेषण मात्र विसरले गेले. खरी अडचण त्या विशेषणातच आहे. याउलट, चार्ल्स डार्विन यांनी १८७१ साली मित्राला लिहिलेल्या एका पत्रात समुद्राऐवजी लहानशा कोमट डबक्याची कल्पना मांडली होती. डबके आटते, समुद्र आटत नाही. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

काळ हे उत्तर नव्हे

आता आमच्या त्या चुकीच्या उत्तराकडे वळू. कोट्यवधी वर्षे मिळाली म्हणून अवघड गोष्ट घडली, असे आपण सहज म्हणतो. पुरेसा वेळ मिळाला तर कोणतीही अभिक्रिया कोठपर्यंत जाते? समतोलापर्यंत. त्यापुढे ती एक पाऊलही टाकत नाही. आणि समतोलाला तर जवळजवळ सगळी अमिनो आम्ले सुटीच असतात, हे आपण आत्ताच पाहिले. मंदगती अभिक्रियेला वेळ उपयोगी पडतो, उताराविरुद्ध जाणाऱ्या अभिक्रियेला नाही. डोंगराच्या पायथ्याशी ठेवलेला धोंडा कोट्यवधी वर्षांनी माथ्यावर गेलेला आढळत नाही.

एवढेच नव्हे, तर काळ विरुद्ध बाजूने काम करतो. १९९६ साली रॅडझिका आणि वोल्फेंडेन यांनी प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनुसार २५ अंश सेल्सिअसच्या उदासीन पाण्यात पेप्टाइड बंधाचा अर्धायुष्यकाळ सुमारे ३५० ते ६०० वर्षे असतो. म्हणजे दर काही शतकांनी असलेल्या बंधांपैकी निम्मे पाण्याने तुटून जातात. कोट्यवधी वर्षांत अशी शतके किती होतील याचा विचार करावा!

परंतु याच आकड्याची दुसरी बाजूही पाहायला हवी. पेप्टाइड बंध तुटणे ऊर्जेच्या दृष्टीने फायद्याचे असले, तरी ते अत्यंत सावकाश होते. म्हणून तर आपल्या पोटात त्यासाठी पेप्सिन आणि ट्रिप्सिनसारखी विकरे लागतात. याचा अर्थ असा, की एखाद्या क्षणिक अनुकूल परिस्थितीत बंध तयार झाला, तर तो पुढे काही शतके टिकू शकतो. तेव्हा 'किती वेळ मिळाला' हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि 'ती अनुकूल परिस्थिती कोणती, आणि ती पुन्हा पुन्हा येत होती का' हे विचारावे.

आपल्या पेशी हे कसे साधतात? त्या किंमत मोजतात. प्रत्येक अमिनो आम्ल साखळीत बसवण्यापूर्वी पेशी एटीपीचा एक रेणू खर्च करून ते सक्रिय करते, वाहक आरएनएच्या टोकाला चढवते, आणि मग रायबोसोममध्ये जोडणी होते. तेथेही ऊर्जा खर्च होतेच. पेशी पाण्याने भरलेली असूनही जोडणी होते ती या सक्रियणामुळे. (रायबोसोमची रचना उलगडण्याच्या कामासाठी २००९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या तिघांना मिळाले, त्यांत चिदंबरम येथे जन्मलेले आणि बडोद्यात शिकलेले वेंकटरामन रामकृष्णन हे एक होते.) पण एटीपी, आरएनए आणि रायबोसोम ही सगळी व्यवस्था पेशीची आहे. पेशीच्या आधी ही किंमत कोणी मोजली?

तीन प्रश्न

या विषयावर दर एक-दोन वर्षांनी 'कोडे सुटले' अशा थाटाची बातमी येते. ती वाचताना शिक्षकांनी तीन प्रश्न विचारावेत असे आम्ही सुचवतो. पाणी कोठे गेले? ऊर्जा कोठून आली? आणि प्रयोग करणाऱ्याचा हात किती होता, म्हणजे शुद्ध रसायने, नेमके प्रमाण आणि योग्य क्षणी बदललेली परिस्थिती यांवर यश किती अवलंबून होते? या तीन प्रश्नांच्या चाळणीतून आपण काही प्रसिद्ध प्रयत्न गाळून पाहू.

१९५८ साली सिडनी फॉक्स आणि काओरू हाराडा यांनी कोरडी अमिनो आम्ले सुमारे १७० अंशांपर्यंत तापवून त्यांच्या साखळ्या मिळवल्या. पाण्याचा प्रश्न त्यांनी सरळ सोडवला. वाफ उडून जाते, त्यामुळे उलटी अभिक्रिया होत नाही. मात्र त्यासाठी मिश्रणात ग्लुटामिक किंवा अ‍ॅस्पार्टिक आम्ल भरपूर घालावे लागे. शिवाय जोडण्याही नेहमीच्या पेप्टाइड बंधांच्याच होत असे नाही, बाजूच्या गटांतूनही होत. फॉक्स यांनी या पदार्थाला 'प्रोटिनॉइड' म्हणजे 'प्रथिनासारखा' असे नाव दिले. त्या नावाने वाचकांची मोठी दिशाभूल झाली. इतकी शुद्ध, कोरडी अमिनो आम्लांची रास ज्वालामुखीच्या उतारावर कोण रचून ठेवणार, याचेही समाधानकारक उत्तर मिळाले नाही. फॉक्स यांचे श्रेय एवढेच, की पाणी घालवल्याशिवाय गत्यंतर नाही हे त्यांनी ओळखले.

१९७८ साली लाहाव, व्हाइट आणि चँग यांनी ग्लायसीन चिकणमातीबरोबर आलटून पालटून ओले-कोरडे आणि गरम-थंड केले. तापमान १०० अंशांच्या आतच होते. त्यातून लहान पेप्टाइडे मिळाली. येथे डार्विन यांचे डबके परत येते. दिवसा आटणारे आणि रात्री दवाने किंवा पावसाने भरणारे डबके म्हणजे निसर्गतः चालणारे यंत्रच. मिठागरात खारे पाणी आटत जाते तसे येथे अमिनो आम्लांचे द्राव दाट होत जातात, पाणी उडून जाते आणि सूर्याची उष्णता ऊर्जा पुरवते. तीनही प्रश्नांना हे उत्तर बऱ्यापैकी सामोरे जाते. उणीव एवढीच, की साखळ्या आखूड राहतात.

ऑस्ट्रियातील बर्न्ड रोडे यांच्या गटाने १९८० च्या दशकाअखेरीपासून मिठाचा मार्ग अभ्यासला. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, हे घरोघरी ठाऊक आहे. मिठाच्या अतिदाट द्रावात सोडियमचे आयन पाण्याचे रेणू आपल्याभोवती असे ओढून घेतात, की पाण्यात असूनही पाण्याचा तुटवडा होतो. जोडीला तांब्याचे आयन असतील तर त्यांच्याभोवती अमिनो आम्ले एकत्र येऊन जुळतात. युक्ती चांगली आहे. परंतु समुद्राच्या नेहमीच्या खारटपणाने तिचे काम भागत नाही. तिलाही आटणारे डबकेच लागते.

ऊर्जेच्या प्रश्नाला थेट भिडणारे प्रयत्नही झाले. १९९८ साली क्लाउडिया ह्यूबर आणि गुंटर वेख्टरशॉइझर यांनी लोह-निकेलच्या सल्फाइडवर कार्बन मोनॉक्साइडच्या साहाय्याने १०० अंश तापमानाच्या पाण्यात पेप्टाइडे मिळवली. समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांशी मिळतीजुळती अशी ही परिस्थिती आहे. पण त्या तापमानाला तुटण्याचा वेगही वाढतो. २००४ साली लेमन, ऑर्गेल आणि घदिरी यांनी ज्वालामुखीतून बाहेर पडणारा कार्बोनिल सल्फाइड हा वायू वापरला. हा वायू अमिनो आम्लाला सक्रिय करतो आणि पाण्यात, नेहमीच्या तापमानाला, काही मिनिटांत ते काही तासांत जोडण्या होतात. येथे एटीपीचे काम एका साध्या वायूने केले. प्रश्न उरतो तो असा, की हा वायू एका जागी पुरेसा साठत होता का?

२०१५ साली जॉर्जिया येथील निकोलस हड आणि सहकाऱ्यांनी दाखवलेला मार्ग शिक्षकांना विशेष आवडेल. दह्यातले लॅक्टिक आम्ल आपल्या परिचयाचे आहे. मिलर यांच्या प्रयोगातही अमिनो आम्लांच्या बरोबरीने अशी हायड्रॉक्सी आम्ले तयार होतात. ती एकमेकांशी एस्टर बंधाने जुळतात आणि हा बंध पेप्टाइड बंधापेक्षा सहज तयार होतो. मग अमिनो आम्ल येते आणि एस्टर बंधातल्या भिडूची जागा घेते. सुमारे ८५ अंशांच्या ओल्या-कोरड्या चक्रात अशा मिश्र साखळ्या वाढत जातात, आणि प्रत्येक चक्रात त्यांतला अमिनो आम्लांचा वाटा वाढतो. शुद्ध अमिनो आम्लांऐवजी मिश्रण घेतल्याने येथे काम सोपे झाले. प्रयोगशाळेत अशुद्धी म्हणून जे फेकले जाते ते निसर्गात मदतनीस असू शकते, हा यातला धडा.

२०२२ साली ग्रॅहम कुक्स यांच्या गटाने पाण्याचे अतिसूक्ष्म तुषार उडवून त्यांच्यात अमिनो आम्लांच्या जोड्या मिळाल्याचे दाखवले. थेंबाच्या पृष्ठभागावर, जेथे पाणी आणि हवा भेटतात, तेथे रेणूंना काहीसे कोरडे वातावरण मिळते, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. लाटांवरचे तुषार हे आदिम पृथ्वीवर नक्कीच होते. पण हे थेंब क्षणभंगुर आहेत. त्यांतले उत्पादन पुन्हा समुद्रात पडले की पातळच होणार.

मिलर यांच्या कुप्या

या इतिहासात एक प्रसंग असा आहे, की तो तक्त्यात असायलाच हवा होता. मिलर यांना दुसऱ्या बाणाची अडचण माहीत होती. १९५८ साली त्यांनी आपल्याच प्रयोगात सायनमाइड हे संयुग घालून पाहिले. सायनमाइड पाण्याचा रेणू स्वतःकडे घेते, त्यामुळे जोडणीला मदत होते. पण त्या नमुन्यांचे विश्लेषण त्यांनी केले नाही. कुप्या तशाच पडून राहिल्या. २००७ साली मिलर निवर्तले. त्यानंतर त्यांचे विद्यार्थी जेफ्री बाडा आणि सहकाऱ्यांनी आधुनिक उपकरणांनी त्या कुप्या तपासल्या आणि २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत अमिनो आम्ले तर होतीच, शिवाय दोन-दोन एककांची पेप्टाइडेही होती.

यातही सावध राहायला हवे. दोन एककांची जोडी म्हणजे प्रथिन नव्हे. त्याच कुप्यांत डायकिटोपिपराझिने नावाची संयुगेही सापडली. जोडीतली दोन्ही टोके एकमेकांना जुळली की असे कडे तयार होते. कडे झाले की मोकळे टोक उरत नाही आणि साखळी तेथेच थांबते. जोडणी शोधणाऱ्या प्रत्येकाला हे कडे आडवे येते. आम्हाला या प्रसंगात महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. ज्यांच्या नावाने आपण प्रश्न सुटला असे सांगतो, त्यांनी स्वतः तो सुटला असे मानले नव्हते.

बाणांचा क्रम तरी बरोबर आहे का?

आता टीकेचा शेवटचा आणि आमच्या मते सर्वात गंभीर मुद्दा. आधी अमिनो आम्ले, मग पेप्टाइडे, हा क्रम तक्ता गृहीत धरतो. तो गृहीत का धरायचा?

मिलर यांच्या चंबूत अमिनो आम्ले थेट तयार होत नाहीत. अल्डिहाइड, अमोनिया आणि हायड्रोजन सायनाइड यांच्यापासून प्रथम अमिनोनायट्राइल तयार होते. मग पाण्याशी अभिक्रिया होऊन त्याचे अमिनो आम्ल बनते. नायट्राइल गटात ऊर्जा साठलेली असते आणि या शेवटच्या पायरीत ती पाण्यात वाया जाते. नंतर आपण विचारत बसतो, की जोडणीसाठी ऊर्जा आणायची कोठून! कणगीतले बियाणे दळून खायचे आणि मग पेरणीच्या वेळी बी मागत हिंडायचे, त्यातलाच हा प्रकार.

लंडनमधील मॅथ्यू पाउनर यांच्या गटाने २०१९ साली अमिनो आम्लांऐवजी अमिनोनायट्राइलेच पाण्यात जोडून पेप्टाइडे मिळवता येतात असे दाखवले. २०२५ साली त्याच गटाने गंधकयुक्त थायोएस्टरच्या मदतीने अमिनो आम्ले पाण्यातच आरएनएला जोडली आणि पुढे पेप्टाइड बंधही घडवला. पेशीतल्या यंत्रणेशी याचे साम्य उघड आहे. अर्थात तिसरा प्रश्न येथे कठोरपणे विचारावा लागतो, कारण २०१९ च्या मार्गात निरनिराळी द्रव्ये ठरावीक क्रमाने मिसळावी लागतात. निसर्गात तो क्रम कसा जमला असेल हे दाखवायचे अजून बाकी आहे. पण एवढे तरी यातून दिसते, की तक्त्यातला जिना हा सिद्धान्त नसून आपल्या सोयीची मांडणी आहे.

वगळण्याची किंमत

काही शिक्षकमित्र म्हणतील, की शाळकरी मुलांना एवढे खोलात कशाला न्यायचे? शिवाय विज्ञानाला हे ठाऊक नाही असे सांगितले, तर विज्ञानाला विरोध करणाऱ्यांच्या हाती कोलीत मिळेल. ही भीती आम्ही समजू शकतो. पण अनुभव उलटा आहे. कोलीत मिळते ते दडवलेल्या अडचणीमुळे.

शंभर अमिनो आम्लांचे विशिष्ट प्रथिन योगायोगाने जुळण्याची शक्यता वीसच्या शंभराव्या घातात एक, म्हणजे एकावर १३० शून्यांत एक, असा हिशोब करून 'हे अशक्य आहे' असे सांगणारे वक्ते आपण ऐकले असतील. त्यांचा गुणाकार बरोबर असतो. चूक असते ती सुरुवातीच्या गृहीतकात. सुट्या आम्लांपासून एका उडीत पूर्ण प्रथिन बनले, असे कोणताही संशोधक म्हणत नाही. असे म्हणतो तो आपला तक्ता! दुसरा बाण सुट्या आम्लांपासून थेट प्रथिनांवर नेऊन टेकवायचा, आणि मग कोणी त्या उडीची शक्यता काढून दाखवली की गोंधळून जायचे, हे बरे नव्हे. खरे तर उपयोगी पडायला रेणू मोठाच असावा लागतो असेही नाही. प्रोलिन हे एकटे अमिनो आम्लसुद्धा काही अभिक्रियांना उत्प्रेरक ठरते. बेंजामिन लिस्ट यांनी ते २००० साली दाखवले आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्या कामाचा वाटा होता.

दोन्ही बाजूंची चूक एकच आहे. एक बाजू म्हणते, कोडे सुटले. दुसरी म्हणते, ते सुटणे शक्यच नाही. मधली अवस्था, म्हणजे अनेक मार्ग माहीत आहेत, प्रत्येकाची उणीवही माहीत आहे आणि काम चालू आहे, ही कोणालाच सांगावीशी वाटत नाही. वास्तविक विज्ञान बहुतेक वेळा याच अवस्थेत असते.

वर्गात काय करावे

तक्ता फेकून देण्याची गरज नाही. दुसरा बाण खोडून त्या जागी तुटक रेघ काढावी आणि तिच्यावर लिहावे : 'पाणी बाहेर, ऊर्जा आत'. बाण 'प्रथिने' या शब्दावर न टेकवता 'लहान पेप्टाइडे' येथे थांबवावा. त्याखाली डबके, चिकणमाती, मीठ आणि ज्वालामुखीचा वायू अशी छोटी चित्रे विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावीत. प्रत्येक चित्राला वरील तीन प्रश्न विचारून त्यांनाच गुण देऊ द्यावेत.

एक साधा प्रयोगही करता येईल. अंड्यातल्या पांढऱ्या बलकाच्या पातळ द्रावात सोडियम हायड्रॉक्साइडचा द्राव आणि कॉपर सल्फेटचे काही थेंब घातले की जांभळा रंग येतो. हीच बाययुरेट परीक्षा ग्लायसीनच्या द्रावावर केली तर जांभळा रंग येत नाही, निळाच राहतो. (सोडियम हायड्रॉक्साइड त्वचेला व डोळ्यांना घातक असल्याने हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा.) जांभळा रंग येण्यासाठी एकापेक्षा अधिक पेप्टाइड बंध असावे लागतात. दोन परीक्षानळ्या शेजारी धरून विद्यार्थ्यांना सांगावे, की दुसऱ्या बाणाने कापायचे अंतर ते हे. मग ग्लायसीनची नळी कितीही दिवस ठेवली तर ती जांभळी होईल का, असे विचारावे. काळ आणि समतोल यांतला फरक त्या एका प्रश्नातून जितका कळेल तितका व्याख्यानातून कळणार नाही.

त्या प्रदर्शनातली मुलगी आता पदवीधर झाली असेल. तिचे नाव आम्ही विचारले नव्हते. ती पुन्हा भेटली तर आम्ही तिला सांगू, की तू पचनाच्या धड्यातून जो प्रश्न काढलास, त्यावर संशोधकांनी गेली सत्तर वर्षे घालवली आहेत आणि तो अजून पूर्ण सुटलेला नाही. हे त्याच दिवशी सांगायला हवे होते. 'बरोबर विचारलेस, आम्हाला पूर्ण उत्तर माहीत नाही' या वाक्याने तिचा विज्ञानावरचा विश्वास कमी झाला नसता. उलट, या कामात आपल्यालाही जागा आहे असे तिला वाटले असते.